दृक्प्रत्ययवादी रंगलेपनाचे अध्यापन : पाँत्वाझ ते प्रॉव्हिन्सटाउन

दृक्प्रत्ययवादी चित्रकलेचा इतिहास आपल्याकडे बहुधा प्रदर्शनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत भरलेले पहिले प्रदर्शन, समीक्षकांनी केलेली टवाळी, मोनेच्या एका चित्राच्या शीर्षकावरून पडलेले नाव आणि पुढे १८८६ पर्यंत भरलेली आठ प्रदर्शने हा क्रम सर्वपरिचित आहे. या मांडणीतून असा समज दृढ होतो की, ही शैली म्हणजे काही प्रतिभावंतांच्या डोळ्यांना झालेला साक्षात्कार होता. ती शिकण्याची वा शिकविण्याची गोष्ट नव्हती. प्रस्तुत निबंधात या समजाची दुसरी बाजू पाहावयाची आहे. सूर्यप्रकाशातील निसर्गदृश्य तैलरंगांत कसे पाहावे आणि कसे रंगवावे, हे दृक्प्रत्ययवाद्यांनी कोणाकडून घेतले, पुढे कोणाला दिले, आणि अकादमीच्या शिस्तीविरुद्ध उभी राहिलेली ही दृष्टी कालांतराने स्वतःच एक शिस्तबद्ध अध्यापनपद्धती कशी झाली, हा या निबंधाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. उघड्यावर बसून तैलरंगांत अभ्यासचित्रे करणे हा दृक्प्रत्ययवाद्यांचा शोध नव्हे. पिएर-आँरी द व्हालांसिएन या अभिजातवादी चित्रकाराने १८०० साली प्रसिद्ध केलेल्या यथार्थदर्शनावरील ग्रंथात निसर्गासमोर बसून जलद तैलअभ्यास करण्याचा आग्रह धरला होता. प्रकाश सतत बदलत असल्याने अशा अभ्यासाला दोन तासांहून अधिक वेळ देऊ नये आणि सूर्योदय वा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात काम आटोपावे, असा त्याचा सल्ला होता. एकच दृश्य दिवसाच्या निरनिराळ्या वेळी रंगवून पाहावे, हेही त्याने सांगितले होते. नव्वद वर्षांनी मोनेने गवताच्या गंजींसमोर जे केले त्याचे बीज येथे आहे. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की व्हालांसिएनच्या दृष्टीने हे अभ्यास प्रदर्शनात मांडण्याचे चित्र नव्हते. ती स्टुडिओत रचावयाच्या ऐतिहासिक निसर्गचित्राची पूर्वतयारी होती. १८६२ च्या सुमारास शार्ल ग्लेर याच्या स्टुडिओत मोने, रन्वार, सिस्ले आणि बाझीय एकत्र आले, तेव्हा त्यांना मिळालेले शिक्षण प्रामुख्याने मानवाकृतीच्या रेखाटनाचे होते. निसर्गासमोर बसण्याचे वळण मोनेला त्याआधीच ल हाव्ह्र येथे यूजेन बूदँ याने लावले होते.

साधनांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली दाबून रंग काढता येईल अशा धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले आणि डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत रंग वागविण्याची अडचण संपली. कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन, क्रोम व कॅडमियम पिवळा हे रंग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाती आले. पारदर्शक व्हिरिडियन हिरव्याचे पेटंट १८५९ चे आहे. ट्यूबमुळे दृक्प्रत्ययवाद जन्माला आला, असे विधान पुष्कळदा केले जाते. ते अर्धेच खरे आहे. तीच ट्यूब सलोंच्या तपकिरी चित्रांचे रंगही पुरवीत होती.

याहून अधिक गैरसमज विज्ञानाच्या वाट्याला आले आहेत. गोब्लँ येथील राजकीय विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख असलेला रसायनशास्त्रज्ञ मिशेल-यूजेन शेव्ह्रल याच्याकडे तक्रारी येत होत्या की, काळ्या धाग्याचा रंग निस्तेज पडतो. रंगाईत दोष सापडेना. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या सान्निध्याचा होता. यातून १८३९ साली त्याचा समकालिक विरोधाच्या नियमावरील ग्रंथ सिद्ध झाला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपापल्या पूरक रंगाकडे ढकलतात, हा त्याचा गाभा. आपल्या महाविद्यालयांतील टिपणांत यापुढचे वाक्य ठरलेले असते : दृक्प्रत्ययवादी शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवीत आणि ते प्रेक्षकाच्या डोळ्यात मिसळत. हे वर्णन झॉर्झ सराच्या १८८६ च्या सुमारास पुढे आलेल्या नवदृक्प्रत्ययवादाच्या भूमिकेला लागू आहे. मोने, सिस्ले किंवा १८७० च्या दशकातील पिसारो यांना नाही. त्यांनी रंग पॅलेटवर मिसळले, ओल्या रंगात ओला रंग ओढला, पांढरा सढळ हाताने वापरला. पिसारोने १८८५ नंतर सुमारे पाच वर्षे ठिपक्यांची पद्धत मनापासून स्वीकारली आणि पुढे ती सोडली. तिच्यामुळे संवेदनेचा ताजेपणा हरवतो, अशी त्याची खंत होती. ज्याने दोन्ही मार्ग चालून पाहिले त्याची ही साक्ष वर्गात सांगितली जात नाही, ही खेदाची बाब आहे.

मग दृक्प्रत्ययवादी रंगदृष्टीचे मर्म कशात आहे? ते समजण्यासाठी चित्रकाराची अडचण नीट मांडली पाहिजे. उन्हातील वस्तू आणि दाट सावली यांच्या उजेडातील प्रमाण शेकडो पटींचे, प्रसंगी त्याहूनही अधिक असते. पांढऱ्या आणि काळ्या रंगद्रव्याच्या लेपांतील प्रमाण मात्र जेमतेम वीस-तीस पटींचे असते. हर्मान फोन हेल्महोल्ट्झने १८७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकलेवर दिलेल्या व्याख्यानांत हाच प्रश्न विशद केला होता. म्हणजे उन्हाची नक्कल करणे तैलरंगाला शक्यच नाही. त्याचे भाषांतर करावे लागते. अकादमीने हे भाषांतर उजळ-गडदपणाच्या मार्गाने केले : प्रकाश वाचविण्यासाठी बाकीचे चित्र काळोखात लोटले. दृक्प्रत्ययवाद्यांनी ते रंगाच्या उष्ण-शीतपणाच्या मार्गाने केले. उन्हात थेट सूर्याचा पिवळसर प्रकाश पडतो. सावलीत तो अडतो, पण आकाशाचा निळा प्रकाश आणि आसपासच्या पृष्ठभागांचा परावर्तित प्रकाश पोचतो. म्हणून सावली म्हणजे त्याच रंगात काळा मिसळणे नव्हे, तर वेगळ्या प्रकाशाखालचा वेगळा रंग होय. सावलीला असा रंग दिला की तिला फार गडद करण्याची गरज उरत नाही आणि सारे चित्र उजळ पट्टीत राहूनही ऊन जाणवते. मोनेचे १८६८-६९ च्या हिवाळ्यातील ‘ला पी’ हे चित्र पाहावे. बर्फावर पडलेली कुंपणाची निळसर सावली हाच त्या चित्राचा खरा विषय आहे. फाटकावर बसलेला पक्षी निमित्तमात्र.

हे समजणे सोपे, पाहणे कठीण. आपला मेंदू प्रकाशाचा रंग वजा करून वस्तूचा ‘खरा’ रंग सांगत असतो. पांढरी भिंत संध्याकाळीही आपल्याला पांढरीच वाटते. व्यवहाराला ही सोय उपकारक आहे, चित्रकाराला नाही. जे. के. ह्यूस्मान्ससारख्या जाणत्या समीक्षकानेही १८८० च्या सुमारास या चित्रकारांना निळ्या रंगाचा नेत्रविकार जडला असल्याचे लिहिले, ते केवळ दुष्टाव्याने नव्हे. त्याला ती निळाई खरोखरच दिसत नव्हती. तेव्हा दृक्प्रत्ययवाद शिकविणे म्हणजे हाताला नव्हे, तर नजरेला आपली जन्मभराची सवय सोडावयास लावणे. हे कोणी आणि कसे केले?

या परंपरेतील पहिला खरा शिक्षक कामीय पिसारो. पॅरिसच्या वायव्येस असलेल्या पाँत्वाझ गावी १८७२ मध्ये तो पुन्हा राहावयास आला आणि त्याच वर्षी पोल सेझान त्याच्याजवळ आला. तोवर सेझान जाड, काळ्या रंगात हिंसक कल्पनाचित्रे रंगवीत होता. पिसारोने त्याला व्याख्यान दिले नाही. आपले १८७१ चे लूव्हसिएन गावाचे एक निसर्गचित्र नक्कल करावयास दिले. पुढे दोघे शेजारी शेजारी बसून तीच झाडे, तीच उतरती छपरे रंगवू लागले. सेझानच्या चित्रांतील काळा ओसरला आणि सीमारेषांऐवजी रंगाच्या फरकाने आकार घडू लागले. सेझान पुढे पिसारोच्या कितीतरी पलीकडे गेला. तरीही आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत एक्स येथील प्रदर्शनाच्या सूचीत त्याने स्वतःचा उल्लेख ‘पिसारोचा शिष्य’ असा करविला. १८७० च्या दशकाच्या अखेरीस गोगँही पाँत्वाझला येऊन शिकून गेला. पिसारो दगडांनासुद्धा नीट रेखाटावयास शिकवू शकला असता, असे मेरी कॅसॅट म्हणत असे.

पिसारोच्या पद्धतीची दोन साधने आज अभ्यासता येतात. एक म्हणजे १८७८ च्या सुमारास त्याने प्रत्यक्ष लाकडी पॅलेटवर रंगविलेले छोटे निसर्गचित्र. कडेला पांढरा, पिवळा, तांबडा, गुलाबी छटेचा लेक, निळा आणि हिरवा असे रंगांचे सहा ढीग तसेच ठेवलेले आहेत आणि मध्ये त्यांतूनच उभे राहिलेले शेत, झाडे व गाडी आहे. काळा नाही, मातकट तपकिरी नाही. इतक्या मोजक्या साधनांत शिशिरातील झाडापासून आकाशापर्यंत सारे साधते, हे शिकविणारा याहून सुटसुटीत पाठ माझ्या पाहण्यात नाही. दुसरे साधन म्हणजे १८९६-९७ मध्ये लुई ल बाय या तरुण चित्रकाराला त्याने दिलेला आणि त्याने टिपून ठेवलेला सल्ला. त्याचा आशय असा : तुकड्या-तुकड्याने न रंगवता सर्व चित्र एकदम पुढे न्यावे, आकाश, पाणी, फांद्या, जमीन यांवर एकाच वेळी काम करीत परस्परांचे नाते जुळेपर्यंत सुधारत जावे, बाह्यरेषा घट्ट आवळू नये, पहिला ठसा हरवण्यापूर्वी धीटपणे रंग लावावा, आणि गुरू एकच मानावा, तो म्हणजे निसर्ग. येथे ‘नाते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एखादा रंग एकटा बरोबर किंवा चूक नसतो. आकाशाचा रंग ठरल्याशिवाय पाण्याचा ठरत नाही आणि पाण्याचा ठरला की आकाशाचा पुन्हा तपासावा लागतो.

मोनेने मात्र शिष्य घेतले नाहीत. १८८३ पासून तो जिव्हर्नी येथे राहू लागला आणि १८८७ पासून तेथे अमेरिकन चित्रकारांची वर्दळ सुरू झाली. थिओडोर रॉबिन्सन, विलर्ड मेटकाफ यांसारखे काहीजण महिनोन्महिने राहिले. शिकविण्याच्या विनंत्या मोने टाळीत असे. त्यामुळे त्याच्या विचारांचा विश्वसनीय आधार म्हणजे १८८९ पासून त्याच्या शेजारी उन्हाळे घालविणाऱ्या लिला कॅबट पेरी या चित्रकर्तीने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणी. समोर झाड आहे, घर आहे हे विसरून येथे एवढा निळा चौकोन, तेथे एवढी गुलाबी आयताकृती असे पाहावे आणि जसे दिसेल तसे लावीत जावे, हा त्याचा सल्ला तिने नोंदविला आहे. आपण आंधळे जन्मून अचानक दृष्टी लाभली असती तर बरे झाले असते, म्हणजे वस्तूंची नावे ठाऊक नसताना त्या रंगविता आल्या असत्या, असे तो म्हणत असल्याचेही ती सांगते. पॉप्लर वृक्षांच्या मालिकेतील एका चित्राचा प्रकाश जेमतेम सात मिनिटे टिके. मग मोने दुसरा कॅनव्हास घेई. परंतु हे अर्धे चित्र आहे. रूआंच्या कॅथीड्रलची चित्रे त्याने १८९२ व १८९३ मध्ये प्रत्यक्ष समोर बसून आरंभली, पण त्यानंतर दीर्घकाळ स्टुडिओत त्यांवर काम केले. त्यांतील वीस चित्रे १८९५ मध्ये प्रदर्शित झाली. जिव्हर्नीला आलेल्या पाहुण्यांनी बहुधा पहिला भाग नेला, दुसरा तेथेच राहिला.

अमेरिकेत या दृष्टीला शाळेचे रूप आले. द्यूरां-र्‍यूएल या चित्रविक्रेत्याने १८८६ मध्ये न्यूयॉर्कला दृक्प्रत्ययवाद्यांचे मोठे प्रदर्शन भरविले आणि तेथील धनिकांना ही चित्रे रुचली. १८९१ पासून विल्यम मेरिट चेस याने लाँग आयलंडवरील शिनेकॉक येथे उघड्यावरील चित्रणाची उन्हाळी शाळा चालविली. ती १९०२ पर्यंत चालली. त्याचाच एक विद्यार्थी व काही काळ साहाय्यक असलेला चार्ल्स वेबस्टर हॉथॉर्न (१८७२–१९३०) याने १८९९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्रॉव्हिन्सटाउन या मासेमारीच्या गावी केप कॉड स्कूल ऑफ आर्ट स्थापन केले.

हॉथॉर्नचे वैशिष्ट्य असे की, रंगदृष्टीतील मुख्य अडथळा नेमका हेरून त्याने त्यावर एक साधी युक्ती योजली. गावातील एखादे मूल टोपी घालून किनाऱ्यावर बसविले जाई. सूर्य त्याच्या मागे असे, त्यामुळे चेहरा पूर्ण सावलीत. विद्यार्थ्यांच्या हाती बारीक कुंचल्याऐवजी काच बसविणारे कारागीर लांबी भरावयास वापरतात तसली रुंद पाती. तिने डोळे, नाक, ओठ काढणे अशक्यच. विद्यार्थ्याला करावयाचे एवढेच की, टोपीचा उन्हातील रंग, सावलीतील चेहऱ्याचा रंग, मागच्या वाळूचा आणि समुद्राचा रंग हे चार-पाच डाग एकमेकांशी अचूक नात्यात ठेवायचे. नाक-डोळे नसलेल्या या चित्रांना ‘मडहेड’ म्हणजे चिखलमुंडी असे गमतीचे नाव पडले. आठवड्यातून एकदा हॉथॉर्न सगळ्यांची चित्रे एकामागून एक पाहून जाहीर टीका करी. त्यांतून विद्यार्थ्यांनी टिपलेली वचने त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने संकलित करून १९३८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांचा सूर एकच : वस्तू रंगवू नका, एका रंगाशेजारी दुसरा रंग ठेवा, आरेखन आपोआप येईल. चेहरा हा विषय हॉथॉर्नने मुद्दाम निवडला असावा असे मला वाटते. चेहऱ्याइतकी पूर्वग्रहाने भरलेली दुसरी वस्तू नाही. तेथे ज्याने ‘कातडीचा रंग’ ही कल्पना सोडली, त्याला झाडाचा ‘हिरवा’ सोडणे जड जात नाही. गंमत अशी की, हॉथॉर्नची स्वतःची ख्याती पोर्तुगीज वंशाच्या कोळी कुटुंबांच्या गंभीर, बऱ्याच अंशी गडद व्यक्तिचित्रांवर उभी आहे. शिकविलेले आणि स्वतः केलेले यांत एवढे अंतर असलेले शिक्षक विरळा.

जर्मनीत जन्मलेला आणि हॉथॉर्नचा साहाय्यक झालेला हेन्री हेन्शे (१८९९–१९९२) याने ही पद्धत आणखी घट्ट बांधली. हॉथॉर्नच्या मृत्यूनंतर त्याने त्याच गावी केप स्कूल ऑफ आर्ट चालविले आणि सुमारे अर्धशतक शिकविले. त्याच्याकडे नवा विद्यार्थी निसर्गदृश्याला थेट हात घालीत नसे. उघड्यावर टेबल मांडून त्यावर निरनिराळ्या रंगांत रंगविलेले लाकडी ठोकळे ठेवले जात. ठोकळ्याला सपाट बाजू असतात आणि धार असते. त्यामुळे प्रकाश कोठे संपतो व सावली कोठे सुरू होते याविषयी संदिग्धता राहत नाही. आधी प्रकाश आणि सावलीचे मोठे भाग ठळक रंगांत मांडायचे, मग त्या रंगांचे परस्परांशी नाते सुधारायचे आणि त्यानंतरच प्रत्येक भागातील बारीक बदल शोधायचे. उन्हाच्या दिवशी सुरू केलेले चित्र ढगाळ दिवशी पुढे न्यावयाचे नाही. त्या दिवसासाठी वेगळा फलक. सकाळचा आणि दुपारचा फलकही वेगळा. तेच पिवळे ठोकळे सकाळी, दुपारी आणि अभ्राखाली रंगविले की ‘पिवळा’ हा शब्द किती अपुरा आहे, हे विद्यार्थ्याच्या हाताला कळे. ठोकळ्यांनंतर फळे-भांडी आणि मग निसर्गचित्र व मस्तकाचा अभ्यास असा क्रम असे. मोनेने मालिकाचित्रांत जे केले ते हेन्शेच्या मते कलेतील ज्ञानाचे पाऊल होते, आणि पुढील प्रत्येक पिढीने ते अवगत करून घेणे त्याला अगत्याचे वाटे.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून त्याच गावात हान्स हॉफमान आपल्या उन्हाळी शाळेत अमूर्त चित्रकलेच्या दिशेने जाणाऱ्या तरुणांना रंगांचे सर्वस्वी वेगळे, कॅनव्हासच्या अंतर्गत ताणांवर आधारलेले व्याकरण शिकवीत होता. कलेच्या इतिहासाने पुढे हॉफमानची बाजू घेतली. हेन्शेचे नाव बहुतेक ग्रंथांत येतही नाही. हा आक्षेप कालक्रमाचा आहे आणि तो मला तितका गंभीर वाटत नाही, कारण पद्धत जुनी झाल्याने तिने साधलेले निरीक्षण खोटे ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. उजळ रंगांच्या, जांभळ्या सावल्यांच्या ठरीव चित्रांची एक फळीच या परंपरेतून निर्माण झाली. मोनेचा सल्ला पूर्वज्ञान विसरण्याचा होता. येथे जांभळी सावली हेच पूर्वज्ञान झाले. सावली तपकिरी असते असे मानणारा अकादमीचा विद्यार्थी आणि ती जांभळी असते असे मानणारा हा विद्यार्थी, दोघेही सावलीकडे पाहत नाहीत. अर्थात हॉथॉर्नकडे शिकलेल्या एडविन डिकिन्सनने याच शिस्तीतून मंद, करड्या छटांची अत्यंत सूक्ष्म निसर्गचित्रे एका बैठकीत रंगविली. म्हणजे हा दोष अटळ नव्हता.

महाराष्ट्रात हा धागा सरळ आलेला नाही. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ब्रिटिश अकादमिक शिस्त होती आणि उघड्यावरील निसर्गचित्रणात येथील चित्रकारांनी पारदर्शक जलरंगावर असामान्य प्रभुत्व मिळविले. जलरंगात कागदाचा पांढरा हाच प्रकाश असतो. तैलरंगात प्रत्येक प्रकाश रंगवून आणावा लागतो, म्हणून येथील कौशल्य तेथे जसेच्या तसे कामी येत नाही. इंदूरला दत्तात्रय देवळालीकर यांच्या शाळेत ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखे विद्यार्थी घडले आणि बाहेर बसून रंगविण्याला तेथे मोठे महत्त्व होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर यांच्यामुळे आरा, रझा आदी तरुणांना उजळ, मोकळा रंग जवळून पाहावयास मिळाला; पण लँगहॅमर यांचा वारसा मध्य युरोपीय अभिव्यक्तिवादाकडे झुकणारा होता. मराठी कलालेखनात मात्र मोकळ्या फटकाऱ्यांचे कोणतेही निसर्गचित्र दिसले की त्याला ‘दृक्प्रत्ययवादी’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. कसोटी फटकाऱ्याची नसून सावलीच्या रंगाची आहे.

आणि येथील सावली नॉर्मंडीची नाही. कोकणात जांभ्या दगडाच्या भिंतीची सावली पाहिली तर जमिनीवर पडलेला तिचा भाग आकाशाकडे तोंड करून असल्याने निळसर दिसतो. पण भिंतीच्या छायेतील उभ्या अंगावर उन्हात तापलेल्या लाल मातीचा प्रकाश उसळून येतो आणि तिचा खालचा भाग वरच्यापेक्षा स्पष्टपणे तांबूस होतो. पन्हळीच्या किंवा पुढे आलेल्या छपराच्या तळाशी हा तांबूसपणा आणखी वाढतो. एप्रिलच्या धुळकट दुपारी आकाश पांढुरके असते आणि मग जमिनीवरील सावलीतूनही निळाई बरीच निघून जाते. आषाढात पाऊस उघडल्यावर तीच भिंत हिरव्या परावर्तनाने भरते. पाँत्वाझच्या किंवा प्रॉव्हिन्सटाउनच्या चित्रांची पुनर्मुद्रणे पाहून शिकलेला विद्यार्थी या तिन्ही वेळी जांभळाच लावील. त्याला एप्रिलमध्ये सकाळी नऊ वाजता आणि दुपारी दोन वाजता, आणि पुन्हा जुलैत, त्याच अंगणात त्याच चार रंगीत ठोकळ्यांसमोर वेगवेगळे फलक घेऊन बसविले तर काय दिसते, हा प्रयोग आपल्या कलामहाविद्यालयांना करून पाहता येण्याजोगा आहे. त्याला लागणारे साहित्य सुताराच्या दुकानात मिळते.